पावसात गाडीवर कोण बसलंय?

मिलीमीटरची पाठ दुखायला लागली तेव्हा डॉक्टरांनी व्यायाम सुचवला, बायकोने तेल सुचवलं आणि त्याने स्वतः मोटारसायकलला पाठटेकू बसवायचं ठरवलं. व्यायाम आणि तेल यांत मोजण्यासारखं काही नव्हतं, हे त्यामागचं खरं कारण.

मिलीमीटर हे अर्थातच त्याचं टोपणनाव. पंपांच्या कारखान्यात तो नकाशे काढायचा, आणि भिंतीत खिळा ठोकायचा असला तरी आधी खिशातून टेप काढायचा. सीटच्या दुकानात कारागिराने त्याला एक तयार पाठटेकू दाखवला. तो जेमतेम कमरेला पुरेल एवढा होता.

"एवढासा?"

"चालवणाऱ्याला एवढाच लागतो हो. कमरेला आधार मिळाला की झालं."

"माझी पाठ कमरेशी संपत नाही," असं सुनावून मिलीमीटर घरी आला, अंगणात गाडीवर ताठ बसला आणि बायकोला माप घ्यायला सांगितलं. ती शिवणकाम करायची. तिने सवयीने पाठीची उंची घेतली, खांद्याची रुंदी घेतली आणि विचारलं, "बाह्याही घेऊ का?"

"चेष्टा नको. मानेपर्यंत घे."

दोन रविवार प्लायवूड, स्पंज आणि रेक्झिन यांच्याशी झटापट करून त्याने अगदी स्वतःच्या मापाची पाठ तयार केली आणि सीटला आरपार भोकं पाडून ती बोल्टने आवळली. बायकोने मागे बसून पाहिलं. जागा होती, पण नवऱ्याचा पत्ता नव्हता.

"मी बोलू कुणाशी? या फळीशी?"

"ऐकू येतं मला."

"मग दुधाची पिशवी घ्यायला थांबा म्हटलं ते ऐकलं का?"

"कधी म्हणालीस?"

पाठ मात्र खरंच थांबली दुखायची. आणि मग पाऊस लागला.

सीटला पाडलेल्या भोकांतून पाणी आत जायचं आणि स्पंज ते मुकाट्याने पिऊन घ्यायचा. वरून सीट कोरडी दिसायची. मिलीमीटर फडक्याने पुसून बसला की स्पंज प्यायलेलं सगळं पाणी परत करायचा. ऑफिसात तो भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखा आडवा चालत टेबलापर्यंत पोहोचायला लागला. त्याने सीटवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून पाहिली, तर पहिल्याच ब्रेकला तो घसरून पेट्रोलच्या टाकीवर जाऊन बसला.

शेवटी त्याला एक नामी युक्ती सुचली. गाडी चालवताना रेनकोट आपल्याला लागतो, आणि गाडी उभी केली की सीटला लागतो. म्हणजे दोघांना एकाच वेळी कधीच लागत नाही! मग दोन कशाला? त्या दिवसापासून गाडी लावली की तो अंगातला रेनकोट उतरवून पाठटेकूला घालायचा. माप त्याचंच असल्यामुळे तो अगदी चपखल बसायचा. वाऱ्याने उडू नये म्हणून तो बाह्या हँडलला बांधायचा आणि टोपी उलटू नये म्हणून वर हेल्मेट ठेवायचा. मग एकदा समाधानाने पाहून आत निघून जायचा.

पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या काकू खिडकीतून बायकोला म्हणाल्या, "अगं, भांडलात का? घे की त्यांना आत. केव्हाचे भिजत बसलेत!"

बायकोने मागे वळून पाहिलं. नवरा खुर्चीत बसून चहा पीत होता. "कुणाला आत घेऊ?" तिने विचारलं. पण काकूंनी खिडकी लावून घेतली होती. नवराबायकोच्या भांडणात त्या पडत नसत, फक्त सुरुवात करून द्यायच्या. काकूंची नजर अधू झाली असावी, असं ठरवून बायकोने विषय सोडला, कारण घरात त्याहून मोठी काळजी होती.

कारखान्याचं दूर एक नवं गोदाम उघडणार होतं आणि दोन वर्षांसाठी तिथे कुणाला तरी पाठवायचं होतं. साहेबांनी मिलीमीटरला विचारलं होतं. मिलीमीटरला अजिबात जायचं नव्हतं. बायकोची गिऱ्हाइकं इथे, मशीन इथे, म्हणजे ती इथे आणि हा तिथे एका खोलीत. पण साहेबांसमोर उभं राहिलं की त्याच्या तोंडून एकच वाक्य निघायचं, "हो साहेब." शुक्रवारी शेवटचं उत्तर द्यायचं होतं.

शुक्रवारी सकाळी बायकोने त्याच्याकडून घोकून घेतलं. "ताठ उभं राहायचं. डोळ्यांत बघायचं. काय म्हणायचं?"

"साहेब, मला जमणार नाही."

"माझ्याकडे बघून म्हणा. जमिनीला कुठे बदली होतेय?"

वाटेभर तो हेल्मेटच्या आत तेच वाक्य म्हणत राहिला. ऑफिसला पोहोचला तेव्हा पाऊस कोसळत होता. साहेब वर आपल्या खिडकीत उभे होते आणि मिलीमीटर बरोबर त्यांच्या खिडकीखाली गाडी लावताना त्यांना दिसला. तेवढ्यात फोन वाजला म्हणून ते वळले. फोन आटपून पुन्हा पाहतात तर हा बाबा अजून गाडीवरच! डोक्यावर हेल्मेट, हात हँडलवर, मान खाली.

खरा मिलीमीटर मागच्या जिन्याने केव्हाच आत गेला होता. स्पंजमध्ये जुनं मुरलेलं पाणी अजून शिल्लक होतंच, त्यामुळे तो बाथरूममध्ये हात सुकवायच्या यंत्राकडे पाठ करून, वाकून उभा होता आणि आरशाला सांगत होता, "साहेब, मला जमणार नाही."

साहेबांनी वॉचमनला फोन केला. "त्यांना म्हणावं, वर या."

वॉचमन छत्री घेऊन निघाला, अर्ध्यावर थांबला, दोनदा हाक मारून परत आला. चष्म्याच्या काचांवरून पाणी ओघळत होतं. "साहेब, बोलत नाहीत. लई रागात दिसतायत. मी काही जवळ गेलो नाही."

आता साहेबांचा एक स्वभाव होता. समोरचा वाद घालू लागला की त्यांना चेव यायचा, पण समोरचा गप्प बसला की त्यांचा धीर सुटायचा. उभ्या नोकरीत त्यांच्यासमोर कुणी गप्प बसलं नव्हतं, सगळे लगेच "हो साहेब" म्हणायचे. त्यांनी खिडकी उघडली.

"अहो, हे काय चाललंय? गोदामाला जायचं नाही का तुम्हाला?"

उत्तर नाही.

"नसेल जायचं तर तोंडाने सांगा ना! बरं, दोन नको, एक वर्ष?"

पाऊस पडत राहिला.

"सहा महिने? घर देतो कारखान्यातर्फे!" साहेबांच्या शर्टाची बाही भिजली. "माणसाने किती ताणावं! अहो, न्यूमोनिया होईल. बरं बाबा, नाही पाठवत! दुसऱ्याला पाठवतो! पण वर या आता, कबूल?"

वाऱ्याचा एक झोत आला. रेनकोट फुगला, हेल्मेट पुढे झुकलं आणि परत जागेवर आलं. साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकून खिडकी लावली.

थोड्याच वेळात दारावर टकटक झाली. मिलीमीटर आत आला. कोरडा, भांग पाडलेला, पँट गरमागरम.

साहेबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही... वाळलात?"

यंत्राचं प्रकरण इथवर पोहोचलं म्हणून मिलीमीटर शरमला. "हो साहेब."

"इतक्यात?"

"हो साहेब." मग त्याने सगळं बळ एकवटलं, साहेबांच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, मला..."

"पुन्हा तेच?" साहेब ओरडले. "ठरलंय ना आपलं? आता एक शब्द नको. माझा घसा बसलाय. ठरलं म्हणजे ठरलं!"

"हो साहेब," मिलीमीटरच्या तोंडून निघून गेलं.

दिवसभर त्याने एकही रेघ सरळ मारली नाही. घरी आला, गाडीला रेनकोट घातला, हेल्मेट ठेवलं, आत येऊन खुर्चीत कोसळला.

"म्हणालात?" बायकोने विचारलं.

"अर्धं म्हणालो. तोवर ठरलं होतं."

बायकोने माळ्यावरची मोठी बॅग काढली, ओल्या फडक्याने पुसली आणि त्याचे शर्ट घड्या घालून भरायला लागली. तिसऱ्या शर्टाला तिचे हात थांबले. "त्या फळीमुळे महिनाभर धड बोललोसुद्धा नाही आपण," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. मिलीमीटरलाही आलं. तो उठून तिच्याशेजारी बसला. मधे काहीच नव्हतं.

तेवढ्यात बाहेरून काकूंचा आवाज आला. "अगं ए! बॅग कसली भरतेस? हाकलून देतेस की काय? एवढा पाऊस, आणि तो बिचारा गाडीवर मान खाली घालून बसलाय! मी केव्हाची समजावतेय, आत जा म्हणून, तर एक अक्षर बोलत नाही!"

"कोण?" मिलीमीटरने खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं.

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

मिलीमीटरने पहिल्यांदाच लांबून गाडी पाहिली. अंगणात तो स्वतः बसला होता. खांदे ताठ, हात घट्ट, कुणाच्या बापाला न बधणारा. त्याला साहेबांची भिजलेली बाही आठवली, बसलेला घसा आठवला, आणि "वाळलात?" आठवलं.

"अगं," तो खाली बसत म्हणाला, "मी साहेबांना नाही म्हणालो."

"ते कळलं मला. अर्धंच म्हणालात."

"तसं नव्हे. नाही म्हणालो! आणि त्यांनी ऐकलं!"

सगळं समजावून सांगायला त्याला बराच वेळ लागला, आणि समजून घ्यायला तिला त्याहून थोडा अधिक. मग तिने बॅग उपडी केली, डोळे पुसले, छत्री आणि कोरडा टॉवेल घेऊन अंगणात गेली. हेल्मेट नीट पुसलं, रेनकोटची कॉलर सरळ केली, आणि दाराकडे वळून ओरडली, "अहो, नुसते बघताय काय? यांना आत घ्यायला हात लावा!"

"हो," मिलीमीटर म्हणाला, आणि चपला शोधायला लागला.