मुकादमाच्या पायाचे तीन दर

मुकादमाला सोफ्यावर चढता येईना, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे घरात सगळ्यांच्या लक्षात आलं. एरवी तो सोफ्यावर चढतो म्हणून रोज ओरडा खायचा. आज पुढचे दोन पाय वर टेकवून, मागचा उजवा पाय हवेत धरून तो नुसता उभा राहिला आणि एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागला. ज्या बाईने त्याला आठ वर्षं सोफ्यावरून हाकललं, तिनेच त्याला उचलून वर ठेवलं आणि मग आत जाऊन डोळे पुसले.

मुकादम म्हणजे घरातला कुत्रा. कुणीही काम काढलं की हा शेजारी बसून देखरेख करणार, स्वतः इकडची काडी तिकडे करणार नाही, म्हणून हे नाव. शेजारच्या मांजराने कुंपणावरून त्याला डिवचलं, त्याने वयाला न शोभणारी उडी मारली आणि गुडघ्यातला बंध तुटला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि आकडाही सांगितला. तेवढ्या पैशांत घराला आतून-बाहेरून रंग लागला असता.

"करून टाका," बायको म्हणाली.

"लगेच," मुलगी म्हणाली.

"बघतो," गृहस्थ म्हणाले.

या 'बघतो'चा अर्थ मायलेकींना पाठ होता. गृहस्थ एका कारखान्याच्या खरेदी खात्यात होते. तीन ठिकाणचे दर मागवल्याशिवाय तिथे टाचणीसुद्धा घेत नसत, आणि तिघांत जो स्वस्त, त्याचाच माल. नियम कारखान्याचा, पण मुरला यांच्या हाडात. खात्यातले लोक त्यांना 'तीनदरे' म्हणायचे, आणि नव्याने आलेल्यांना ते आडनावच वाटायचं. दाढ काढायची होती तेव्हा तीनदरे तीन डॉक्टरांकडे तोंड उघडून आले होते. तिसऱ्याकडे पोचेपर्यंत दाढ आपणहून हलायला लागली, तर त्यांनी त्याबद्दलही सूट मागितली.

"आपलं लग्न ठरलं तेव्हा बाकीच्या दोघी कोण होत्या, हे मी अजून विचारलेलं नाही," बायको म्हणायची.

दुसरा दर त्यांनी एका काचेच्या चकचकीत दवाखान्यातून आणला. तिथे मुकादमाला वजन करायला नेलं तेही हळू आवाजात. आकडा ऐकून तीनदऱ्यांचाही आवाज बसला. राहिला तिसरा. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका संस्थेचा प्राण्यांचा दवाखाना होता. दानावर चालायचा. सर्जन चांगला, गर्दी भरपूर, असं ऐकून तीनदरे कुत्र्याला रिक्षात घालून तिथे गेले.

खिडकीमागच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "पाळलेला का रस्त्यावरचा?"

इथे दुसऱ्या कुणीही 'पाळलेला' म्हटलं असतं आणि गोष्ट संपली असती. पण तीनदऱ्यांच्या तोंडून सवयीने गेलं, "दोन्हीचे दर काय?"

"पाळलेल्याला खर्चाच्या निम्मे. रस्त्यावरच्याला काही नाही."

काही नाही. इतकी वर्षं खरेदीत काढली, पण असला दर त्यांनी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. ते बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. वर आले तेव्हा मुकादमाच्या गळ्यातला पट्टा त्यांच्या खिशात होता.

"रस्त्यावरचा," ते म्हणाले. "बाजाराच्या मागे सापडला. बघवेना हो."

मुकादम शेपूट हलवत त्यांच्याकडे बघत होता. तीनदऱ्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

आत सर्जनने त्याला टेबलावर घेतलं. "बस," तो सहज म्हणाला. मुकादम बसला. सर्जनने पाय बघायला हात पुढे केला, तर मुकादमाने त्या हातात आपला पंजा ठेवला.

"हा शेकहँड करतो," सर्जन म्हणाला.

"रस्त्यावरचे चलाखच असतात."

"नखं कापलेली आहेत. अंगाला शाम्पूचा वास येतोय."

"मीच घातली आंघोळ. म्हटलं, तुमच्यासारख्यांकडे न्यायचा, तर असा कसा न्यायचा?"

सर्जनने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "भले माणूस दिसता तुम्ही," तो म्हणाला, आणि तीनदऱ्यांनी खिशातला पट्टा आणखी आत दाबला.

घरी त्यांनी सांगितलं की मोठा सर्जन मिळाला, ऑपरेशन ठरलं, आणि बरं होईपर्यंत कुत्रा तिकडेच राहील. भेटायला जायचं नाही, संसर्ग होतो.

"किती घेतले?" बायकोने विचारलं.

"ते विचारू नकोस. जिवापुढे पैसा काय?"

हे वाक्य तोंडातून गेलं आणि आपणच आपल्याला ओळखत नाही असं त्यांना वाटलं. मुलगी उठून गळ्यातच पडली. बायकोने ताटात त्यांच्या आवडीचं वाढलं. खोट्याचा पहिला घास गोड लागतो म्हणतात, तसा तो लागलाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेतून आली आणि दप्तर ठेवता ठेवता म्हणाली, "बाबा, मी सहलीतून नाव काढून घेतलं."

"का गं?"

"एवढा खर्च झाला असेल. तुम्ही आकडा सांगत नाही म्हणजे किती झाला असेल ते कळतं मला."

त्या सहलीचं तिने वर्षभर टुमणं लावलं होतं. तीनदऱ्यांनी तोंड उघडलं. आता सांगावं तर सगळंच सांगावं लागणार. तोंड मिटलं. "शहाणी आहेस," ते म्हणाले, आणि मोरीत जाऊन उगाचच पाय धुवत बसले. अशी लाज त्यांना आजवर वाटली नव्हती. पण लाज वाटली म्हणून माणूस खरं बोलतोच असं नाही.

पायाचे टाके निघाल्यावर ते मुकादमाला आणायला गेले. तिथे त्यांना एका बाईंकडे पाठवलं. बरे झालेले कुत्रे चांगल्या घरी देण्याचं काम त्या बाईंकडे होतं. पांढरे केस, पायात कापडी बूट, आणि प्रत्येकाकडे आधी कुत्र्याच्या बाजूने बघायची सवय.

"न्यायला आलो होतो," तीनदरे म्हणाले.

"तुम्ही कसे नेणार? तुम्ही तर आणून सोडलंत. फार उपकार झाले. आता पुढचं आम्ही बघू."

"नाही, म्हणजे पाळावा म्हणतोय."

"मग अर्ज करा. दोन अर्ज आलेतच. तुमचा तिसरा. तीन घरं बघितल्याशिवाय आम्ही कुत्रा देत नाही. तिन्ही घरं बघायची आणि सगळ्यांत चांगलं असेल ते ठरवायचं."

या नियमावर हरकत घ्यायला जगात जो एक माणूस नालायक होता, तो मान खाली घालून उभा राहिला. जाळीच्या दारामागून मुकादमाने त्यांचा वास घेतला आणि भुंकून भुंकून दवाखाना डोक्यावर घेतला.

"लळा लावलाय तुम्ही त्याला," बाई म्हणाल्या. "उद्या घर बघायला येते."

आता आली का पंचाईत. बाई घरी येणार, आणि घरात मायलेकी असणार. तीनदऱ्यांनी रात्रभर डोकं चालवलं आणि सकाळी जाहीर केलं, "दवाखान्यातून एक बाई येतील. ऑपरेशननंतर कुत्र्याला घर सोयीचं आहे का, ते बघतात. फरशी बिरशी. तुम्ही फार बोलू नका."

बायकोला 'फार बोलू नका' म्हणणं ही त्यांची दुसरी चूक.

बाई आल्या. फरशी पाहिली, जिना पाहिला, फाटकाची कडी लावून पाहिली. मग बसल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा आजारी पडला तर खर्चाची तयारी आहे ना?"

"लागेल तेवढा करू," तीनदरे घाईने म्हणाले.

"असं सगळेच म्हणतात हो. हल्लीच आमच्याकडे एक कुत्रा आला. शिकवलेला, नखं कापलेली, गळ्याभोवती पट्ट्याचा वळ. कुणीतरी वर्षानुवर्षं पाळला आणि पाय मोडल्यावर दिला सोडून. खर्च नको म्हणून."

"कसली माणसं असतात," बायको कळवळून म्हणाली. "असल्यांना घरात तरी कोण ठेवून घेतं?"

"त्यांचा पाय मोडला की त्यांना पण सोडावं बाजारात," मुलगी म्हणाली. "हो ना, बाबा?"

"हो ना," तीनदरे म्हणाले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते त्यांना आज नीट कळत होतं.

"बरोबर बोललीस," बाई मुलीवर खूश झाल्या. "तुम्ही आधी कुत्रा पाळला होता का कधी?"

"पाळला होता म्हणजे?" बायको हसली. "आठ वर्षं झाली की."

"हो का? मग तो कुठे आहे?"

"तुमच्याकडेच नाही का? आमचा मुकादम."

बाई हसल्या नाहीत. बायकोला वाटलं, दवाखान्यात इतके कुत्रे, यांच्या लक्षात येत नसेल. म्हणून तिने भिंतीवरचा फोटो काढून बाईंच्या हातात दिला. फोटोत मुलगी होती, सोफा होता, आणि सोफ्यावर मुकादम पंजा पुढे करून बसला होता.

बाईंनी फोटो पाहिला. मग तीनदऱ्यांकडे पाहिलं. मग पुन्हा फोटो.

"हा तुम्हाला बाजाराच्या मागे सापडला ना?" बाईंनी हळूच विचारलं.

बाईंनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त दवाखान्यात काय लिहून घेतलं होतं आणि एक पैसाही कसा घेतला नव्हता ते सांगितलं, सावकाश, एखाद्याच्या दुखण्याबद्दल सांगावं तसं. बायकोचा चेहरा आधी गोंधळला, मग उतरला. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "आणि तिची सहल?"

एवढंच. ती उठून स्वयंपाकघरात गेली. मुलगीही आत निघून गेली आणि दारसुद्धा आपटलं नाही.

"माझं चुकलं," तीनदरे म्हणाले. हे त्यांनी तीनदा तरी म्हटलं, पण ऐकायला समोर फक्त बाई होत्या.

"कुत्रा कुठे द्यायचा, ते मला ठरवायचंय," बाई उठत म्हणाल्या. "बाकीच्या दोन घरांपैकी एकाला अंगण आहे. दुसऱ्या घरी निवृत्त नवरा-बायको दिवसभर असतात. आणि तुमच्याकडे तुम्ही आहात."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात दांडी मारून तीनदरे दवाखान्याच्या खिडकीशी गेले. काचेच्या दवाखान्याने सांगितलेला, तिघांतला सर्वांत मोठा आकडा त्यांनी पाकिटात घालून नेला होता. घासाघीस केली नाही. खिडकीमागच्या माणसाने पैसे मोजले आणि पहिल्यांदाच मान वर केली.

"पावती कुणाच्या नावाने?"

"नाव नको."

"गुप्तदान?" तो माणूस उठून उभाच राहिला. "अहो, अशी माणसं राहिलीत कुठे? थांबा, साहेबांना बोलावतो. सगळ्यांना कळू दे."

"नको, नको," म्हणत तीनदरे जे पळाले ते रस्त्यावर येऊनच थांबले. मग त्यांच्या लक्षात आलं की कुत्र्याचं विचारायचं राहिलं, आणि पुन्हा आत जायचं तोंड आता उरलं नाही. ते तसेच उन्हात उभे राहिले.

तिकडून मुलीच्या शाळेत गेले. सहलीची गाडी सकाळीच सुटली होती.

घरात अबोला होता. जेवण वेळेवर मिळत होतं, चहा मिळत होता, पण कप टेबलावर ठेवला जायचा, हातात दिला जायचा नाही. मुलगी समोरून जाताना भिंतीच्या बाजूने जायची. 'मुकादम' हा शब्द कुणी काढत नव्हतं. सोफा रिकामा असायचा आणि त्यावर कुणीच बसत नव्हतं. तीनदऱ्यांना एकच गोष्ट हवी होती, तो कुत्रा त्या सोफ्यावर. त्यासाठी कुठलाही दर त्यांनी दिला असता, पण कुणी मागत नव्हतं.

शेवटी बाईंचा फोन आला तो बायकोला. ती बराच वेळ 'हो', 'हो', 'कळलं' म्हणत होती.

"देताहेत," फोन ठेवून ती म्हणाली. "माझ्या नावावर. मला विचारत होत्या, 'तुम्ही घरी नसताना कुत्रा नवऱ्यावर सोपवाल का?'"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, बघते."

संध्याकाळी मायलेकी रिक्षाने गेल्या आणि मुकादमाला घेऊन आल्या. तीनदऱ्यांना कुणी चला म्हटलं नाही. ते दाराशीही गेले नाहीत. कुठल्या तोंडाने जाणार? खुर्चीत बसून वर्तमानपत्र धरलं. ते उलटं नव्हतं एवढंच.

मुकादम आत आला. मागच्या पायावरचे केस काढलेले, चालणं अजून अडखळतं. मुलीने त्याच्यासाठी अंथरूण घातलं होतं, बायकोने वाटी भरून ठेवली होती. त्याने अंथरुणाकडे बघितलं नाही, वाटीकडे बघितलं नाही. लंगडत लंगडत तो सरळ खुर्चीपाशी आला, तीनदऱ्यांच्या पावलांवर अंग टाकलं, हनुवटी त्यांच्या चपलेवर ठेवली आणि इतका मोठा सुस्कारा सोडला की जणू त्या जाळीमागे तो याच माणसाची वाट बघत बसला होता. त्याने चावा घेतला असता तर तीनदऱ्यांना सोसलं असतं. हे सोसवेना. वर्तमानपत्र त्यांनी तोंडासमोर जरा आणखी वर धरलं.

बऱ्याच वेळाने मुलगी आतून आली आणि खाली बसून मुकादमाच्या कानामागे खाजवू लागली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच बापाशी बोलली, तेही अगदी हळू आवाजात, कुत्र्याची झोप मोडू नये म्हणून.

"बाबा, त्याला यातलं काही सांगू नका हं."