अस्तर लावलेलं खुराडं

माईंच्या कोंबड्या शिंकत नसत. शिंकायची त्यांची छातीच नव्हती!

"आजार येतो तो माणसाच्या आळसानं," माई कुंपणावरून धाकट्या जावेला ऐकवत होत्या. जावेच्या नऊपैकी सहा कोंबड्या गेल्या वर्षी सर्दीनं दगावल्या, तेव्हा माईंनी सांत्वनाच्या नावाखाली तिला दोन तास झाडलं होतं. "माझ्याकडे बघ. अकरा आहेत. एकीच्या नाकाला पाणी ठाऊक नाही!"

तेवढ्यात माईंच्या परसातून आवाज आला, "च्छिक्!"

"कोण गं ते?" जाऊ म्हणाली.

"आमचे हे!" माई म्हणाल्या आणि तरातरा मागं वळल्या.

'हे' म्हणजे मास्तर. माईंचे यजमान, शिवणकामाचे मास्तर. ते बिचारे पुढच्या खोलीत मशीनवर कुणाचा तरी खांदा जोडत बसले होते. शिंकली होती भुरी, माईंची सगळ्यात जुनी आणि लाडकी कोंबडी. डोळ्यांच्या कडेला फेस, चोच उघडी आणि श्वासात घरघर, पाणी गेलेल्या नळासारखी.

माईंनी आधी कुंपणाकडं पाहिलं, जाऊ बघत नाही ना. घाबरलं तरी ते जगाला दाखवायचं थोडंच असतं!

"वारा लागलाय हिला," त्यांनी निकाल दिला. "अहो, टेप घ्या आणि मागं या!"

खुराड्याला तीन बाजूंनी जाळी होती. मास्तरांनी लांबी घेतली, उंची घेतली आणि सवयीनं विचारलं, "ढगळ ठेवू की फिटिंगचं?"

"फिटिंगचं! वाऱ्याला सुईएवढीसुद्धा वाट नको."

मास्तरांनी जन्मभर कोट शिवले, पण असा एकही अंगासरसा बसला नव्हता. जाड कापडाचा पडदा, आतून अस्तर, चौदा काजं, चौदा बटणं. खुराडं असं दिसायला लागलं, की आता हे कुणाच्या तरी लग्नाला निघणार!

दुसऱ्या दिवशी तीन कोंबड्या शिंकल्या.

"बघितलंत? अजून वारा येतोय कुठून तरी. आणखी एक अस्तर लावा."

"अगं, पण..."

"पण काय? कोंबड्या कुणाच्या?"

"तुझ्या."

"मग?"

दुसरं अस्तर लागलं. चौथ्या दिवशी आठजणी शिंकल्या. माईंनी घमेलंभर कढत पाण्यात निलगिरीचं तेल ओतलं, घमेलं आत सरकवलं आणि चौदाची चौदा बटणं लावली. संध्याकाळी पडदा उघडला, तर असा भपकारा आला की माईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी!

"औषध जोरदार आहे," त्या समाधानानं म्हणाल्या.

भुरीनं मात्र मान टाकली. मग माईंनी तिला पदराखाली घेऊन घरात आणलं आणि मास्तरांच्या खिडकीखाली, चिंध्यांच्या टोपलीत ठेवलं. सदऱ्याचं माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक दचकलं.

"टोपलीत कोण घोरतंय?"

"तुम्ही हात वर करा नि गप उभे राहा," माईंनी मास्तरांच्या वतीनं सांगितलं.

दोन दिवसांत भुरी उठून बसली. तिसऱ्या दिवशी तिनं मास्तरांचा खडू फस्त केला!

"वाफेचा गुण!" माईंनी तिला मिरवत नेऊन खुराड्यात सोडलं. बटणं लावली. संध्याकाळी पुन्हा घरघर, आणि आता अकराच्या अकरा जणींची!

माई मागच्या पायरीवर बसल्या. जावेच्या सहा गेल्या तेव्हा आपण काय काय बोललो, ते शब्दन् शब्द आठवलं. आपल्या जिभेला धार आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण ती स्वतःला कशी लागते हे आज कळलं. मग उठून त्या कुंपणापाशी गेल्या.

"धाकटे, तुझ्या त्या जनावरांच्या डॉक्टरणीला बोलाव गं."

जावेनं एकही टोमणा न मारता लगेच फोन लावला. माईंना त्याचाच जास्त राग आला!

डॉक्टरीण आली, अगदी पोरसवदा. पडद्यापुढं थबकली.

"आजी, हे काय?"

"पडदा."

"आणि ही?"

"बटणं. चौदा आहेत."

तिनं भुरीची सगळी हकीकत ऐकून घेतली, मग चार बटणं काढून आत डोकं घातलं आणि बाहेर आली ती शिंकतच. एक, दोन, चार, सात!

"अगं बाई! हिलापण लागण झाली!"

"लागण नाही, आजी," ती डोळे पुसत म्हणाली. "एकीला साधी सर्दी होती. तिला वेगळं काढून हवा खेळती ठेवली असती तर भागलं असतं. तुम्ही सगळ्यांना कोंडलंत. खालच्या घाणीचा वायू आत साठला, वर तुमची वाफ. त्यानं छाती जळते. भुरी घरात बरी झाली ती उघड्या खिडकीमुळं. कुणाला वास नाही आला?"

"मला आठवडाभर येतोय," मास्तर म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?" माई कडाडल्या.

"कोंबड्या तुझ्या ना!"

माईंनी त्यांच्याकडं पाहिलंच नाही. "जगतील ना गं?" त्यांनी डॉक्टरणीला विचारलं. आवाज इतका बारीक निघाला, की मास्तरांनी चमकून मान वर केली.

"जगतील. पडदा काढा, ओला भुसा बदला, भुरीला वेगळी ठेवा. पाच दिवस पाण्यातून औषध द्या. अंडी कधीपासून खायची ते मी सांगेन." तिनं वही उघडली. "आता सांगा, कोंबड्यांचं कोण बघतं? त्यांना जरा नीट समजावते."

कुंपणावर रेललेल्या जावेनं कान टवकारले.

"हे बघतात," माई म्हणाल्या.

पुढची दहा मिनिटं डॉक्टरणीनं मास्तरांना धुऊन काढलं आणि माई प्रत्येक वाक्याला मान डोलवत राहिल्या. "सांग, सांग! माझं ऐकतात कुठं!"

डॉक्टरीण गेल्यावर मास्तरांनी पडदा उतरवला. कोंबड्या एकेक करून उन्हात आल्या, पिसं झाडली, माती उकरायला लागल्या. पुन्हा टोपलीत घालून पायरीवर ठेवलेल्या भुरीनं तिथूनच मान उंच करून सगळ्यांची हजेरी घेतली.

मास्तर पडद्याची घडी घालत म्हणाले, "म्हणजे आजपासून कोंबड्या माझ्या म्हणायच्या."

"आजारी होत्या तोवर तुमच्या," माई म्हणाल्या. "आता बऱ्या होताहेत!"