रोवणीची फायनल

शुक्रवारी दुपारी तीन वाजता संघदीपने गेम पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. त्या महिन्यातली ही सहावी घोषणा होती. पाचच्या आत गेम नागपूरच्या स्पर्धेला पाठवायचा होता. पोरं काम करत ती गोंदियातली खोली केशोरावांची. निवड झाली तर खोली पोरांची, नाही तर इथं झेरॉक्स मशीन, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

गेम धानाच्या रोवणीचा, म्हणजे भातलावणीचा. मुळात एक बाई, बांध घातलेल्या शेताची एक बांधी, आणि दिवस बुडायच्या आत ती रोवून काढायची, एवढाच. पण केशोराव रोज डोकावत. त्यांच्या सांगण्यावरून आधी जवळच्या नागऱ्याचं मंदिर आलं. मग, "बाबू, एक रेल्वे डाल ना. जंक्शन आहे आपलं." रेल्वे धावली आणि बाई उलटी चालू लागली. संघदीपने तीन दिवस खपून तिला सरळ केलं, जुन्या फाईलवर नवी चढवली. त्याच्याकडे फाईल एकच असे. नाव 'फायनल'.

"तुझ्याशिवाय कोणी खेळून पाहिलं?" सोबत काम करणाऱ्या दीप्तीने विचारलं. "आईला दाखव."

"आईले काय समजते गेममधलं?"

"रोवणी तर समजते."

संघदीपची आई, देवकाबाई, डबा घेऊन आल्याच होत्या. वीस पावसाळे रोवणीला गेलेल्या. त्यांनी मोबाईल हातभर लांब धरला.

"बाबू, हे बाई पुढं काऊन चालून राहिली?"

"मग कोणीकडं चालेल?"

"मागं. रोवत रोवत मागं सरकतेत. हे तर लावलेलं तुडवून राहिली. आमच्यात असती तर दुपारीच घरी धाडली असती."

दीप्तीने घड्याळ पाहिलं. "उलटी कर परत."

"कशी झाली होती तेच मले नाही समजलं."

त्याने बाई वळवली, तर रेल्वे उलटी पळाली. रेल्वे सरळ केली, तर मंदिर रुळावर आलं. दारातून केशोराव म्हणाले, "मंदिर राहू दे, रेल्वे थांबव." साडेचार वाजले.

"बाई आधी चांगली चालत होती," देवकाबाई म्हणाल्या. "सुधरवली कायले?"

दीप्तीने पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. ती रोज घरी जाताना गेमची एक प्रत घेई, तारखेच्या फोल्डरमध्ये, फाईलच्या नावात गेमची अवस्था लिहून. संघदीप या सवयीला 'धास्ती' म्हणे. सोमवारची, बाई उलटी चालायची ती प्रत सापडली. चार पंचावन्नला ती नागपूरला पाठवली. नाव बदलायला वेळ नव्हता.

पंधरा दिवसांनी नागपूरचा मेल केशोरावांनी मोठ्याने वाचला. "रोवणीच्या बारीक अभ्यासाबद्दल अभिनंदन. 'संघदीपने बिघडवलेली बाई' या आपल्या गेमची निवड झाली आहे."

"का बे बाबू," देवकाबाईंनी मुलाकडे रोखून पाहिलं, "कोणती बाई?"

सगळं समजावून झाल्यावर संघदीपने बाजारातून स्वतःचा पेन ड्राइव्ह आणला. पहिल्या प्रतीचं नाव त्याने फार विचार करून ठेवलं. 'फायनल एक'.