नगाऱ्याची वर्गणी

बापूतात्या आमच्या घरी आले की आधी आईला जात्यावर बसवत. "दळा वहिनी, हमेशासारखं. घरच्या आवाजातून ऐकू यायला हवा." मग दारात उभे राहून ते डोळे मिटत आणि डावा कान टेकडीकडे करत. ठरल्या वेळी टेकडीवरचा पहारेकरी नगारा वाजवी. तो थांबला की तात्या वडिलांना विचारत, "कसा आला?"

या उत्तरावर आमची वर्गणी ठरणार असे.

देवास गाव एकच, पण राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. उन्हाळ्यात गवती छपरं पेटत, म्हणून आगीची वर्दी द्यायला तीन नगारे बसवले होते, टेकडीवर, चौकात आणि तळ्याकाठी. पहिला वाजला की दुसरा उचली, दुसऱ्यावरून तिसरा. नगारे दोन्ही दरबारांनी मिळून दिले. कातडी, दोऱ्या आणि पहारेकऱ्यांचं धान्य गावानं पाहायचं होतं. कोणत्या हद्दीनं किती द्यायचं, यावर पंच महिनाभर बसले. शेवटी नगारखान्यात उभा जन्म गेलेले तात्या म्हणाले, "आवाजाला हद्द नसते. ज्याला जितका ऐकू येतो, त्यानं तितकं द्यावं." स्पष्ट आला तर वर्षाला चार आणे, अस्पष्ट आला तर दोन, आलाच नाही तर माफ.

आठ दिवसांत निम्मं देवास बहिरं झालं.

आमच्या गल्लीतला हलवाई तर तात्या दिसले की कानात कापूस घाली. वडीलही त्यातलेच. नगारा चालू असताना ते शांतपणे सदऱ्याची काजं शिवत राहिले आणि म्हणाले, "कुछ नहीं, तात्या. माशीइतकासुद्धा नाही." तात्या वाद घालत बसले नाहीत. त्यांनी वडिलांच्या पायाकडे पाहिलं. अंगठा अजून नगाऱ्याच्या लयीत हलत होता.

"चार आणे," तात्या म्हणाले. आई जातं थांबवून हसत सुटली.

मी तेव्हा इंदूरला कॉलेजात शिकत होतो. सुटीत आलो तेव्हा तात्या काळजीत होते. टेकडीवरच्या नगाऱ्याचं कातडं चिरत चाललं होतं आणि उन्हाळा तोंडावर होता. ते उन्हातान्हात दारोदार फिरत आणि लोक त्यांना आपापले कान दाखवत. होळीच्या आदल्या दिवशी कसंबसं नवं कातडं चढलं.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, हलवायाचं छप्पर पेटलं. टेकडीवरून ठोके आले. तीन, मग उसंत, पुन्हा तीन. तीन म्हणजे आमची शिंपी गल्ली. गावातले सगळे बहिरे हंडे-कळश्या घेऊन धावत आले. छप्पर गेलं, पण माणूस एकही भाजला नाही.

तात्या मात्र कुठे दिसले नाहीत. "वर्गणीला आगे, आगीला पीछे, भिया," हलवाई वडिलांना म्हणाला. वडिलांना ते आवडलं नाही. त्यांनी माझ्या हातावर चार आण्यांची पावली ठेवली. "तात्यांना नेऊन दे. म्हणावं, ऐकू आलं."

तात्यांच्या घरी मी प्रथमच गेलो. टेकडीवर आग विझल्याचे संथ ठोके पडत होते. ओसरीत त्यांच्या पत्नी, काकू, हात पुढे करून बसल्या होत्या, आणि बाहेरच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तात्या त्यांच्या तळहातावर बोट टेकत होते.

मला पाहून ते ओशाळले. "लग्नानंतर दोन वर्षांनी ताप आला, तेव्हापासून हिला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "नगारा वाजला की आधी घरी येतो. नाहीतर हिला कोण सांगणार?"

काकूंनी माझे काळवंडलेले हात पाहिले आणि मोठ्या आवाजात विचारलं, "तुमच्याकडेच लागली होती ना? विझली ना आता? मी ऐकलं."

मी बोलायला गेलो, मग उमजून नुसती मान हलवली.

काकू गल्लीतल्या एकेका घराचं नाव घेऊन विचारू लागल्या. बाळंतीण झालेली यमू, आंधळे गोविंदबाबा, हलवायाची धाकटी. प्रत्येक नावाला मी मान हलवत होतो, आणि तात्या त्यांच्या हातावर एक ठोका देत होते, सुखरूप म्हणून.