नंदकिशोररावांचा खांदेपालट

जमीन जागची हलत नाही, म्हणूनच ती पुन्हापुन्हा मोजावी लागते. मोटारसायकल एकदा घेतली की ती कोणी मोजत बसत नाही. (ती चोरीला जाते, तो विषय वेगळा.) चाकणच्या आसपास तर जमीन इतकी स्थिर आहे की कंटाळून तिच्या हद्दीचे दगडच जरा पाय मोकळे करून येतात, आणि परतताना शेजाऱ्याच्या सोयीच्या जागी थांबतात.

नंदकिशोर वझरकर यांचा तीन गुंठ्यांचा प्लॉट चाकणच्या थोडा पुढे होता. स्वतः ते राहायला निगडी प्राधिकरणात. सगळी नोकरी एका कंपनीच्या सुधारणा विभागात झाली. चहाच्या ट्रॉलीचा मार्ग बदलून त्यांनी कंपनीचे वर्षाला अडीचशे तास वाचवले होते. (चहा गार मिळू लागला, पण गार चहाची नोंद करायला तक्त्यात रकाना नव्हता.) निवृत्त झाल्यावर सुधारायला घरात वासंतीबाई तेवढ्या उरल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात नकार कळवला.

या वासंतीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, प्लॉटच्या कोपऱ्यात आंब्याचं कलम लावलं होतं. बस बदलत, पाण्याचे कॅन वाहत त्यांनी ते जगवलं. त्याच्या सावलीला दोन खोल्या बांधायच्या आणि निगडीच्या तिसऱ्या मजल्याला रामराम ठोकायचा, एवढं एकच मागणं त्यांनी उभ्या संसारात केलं होतं. यंदा झाडाला पहिला मोहोर आला. तो बघायला गेल्या, तर हद्दीचा दगड झाडाच्या अगदी जवळ येऊन ठेपलेला.

"दगुड हाय तितंच हाय, ताई," पलीकडचा ज्योतीराम म्हणाला. "झाड वाढलं, म्हनून जवळ वाटतंय."

खुलासा शास्त्रीय असल्याने नंदकिशोररावांना पटला. तरी खबरदारी म्हणून त्यांनी, बाईंनी दाखवलेल्या मूळ जागी, खाणीतून आणलेला एक अजस्र काळा दगड बसवून घेतला. सहा गडी घामाघूम झाले. नंदकिशोररावांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आता हत्ती आला तरी हलणार नाही."

ज्योतीरामने मान डोलावली. हे वाक्य त्याने नीट लक्षात ठेवलं.

"अहो, दगड राहू द्या," वासंतीबाई म्हणाल्या. "सलीलला बोलवा आणि रीतसर मोजून घ्या."

सलील त्यांचा भाचा. रावेतला त्याचं जमीन मोजणीचं ऑफिस होतं. तो लगेच आला. खांद्यावर तिपाई, एका हातात मोजणीयंत्राची पेटी, काखेत मोजणीचा आरसा लावलेला दांडा आणि दातांत गाडीची किल्ली. नंदकिशोररावांना ते दृश्य बघवेना.

"थांब! ही काय न्यायची पद्धत झाली?"

"मामा, गाडीपासून इथवर तर आणायचंय. अर्ध्या तासाचं काम आहे."

"अर्ध्या तासासाठी जन्माचा खांदा घालवशील. मोजणी कुठे पळून चाललीय? आधी वाहतूक सुधारू."

सलीलला त्या दिवशी आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. मामांशी वाद घालण्यापेक्षा ते जवळ पडलं असतं. तो गेला.

सुधारणा टप्प्याटप्प्याने झाली. आधी तिपाई पाठीवर उभी बांधायचं दप्तर बनलं. त्यात तिपाईचे पाय डोक्यावरून तीन फूट वर जात, त्यामुळे माणूस झाडाखालून, तारेखालून आणि दारातून सोडून कुठूनही आरामात जाऊ शके. मग मोटारसायकलला आडवा कंस लावला. चाकण चौकातल्या ट्रॅफिकमध्ये त्याने तीन रिक्षांचे आरसे मोजले. (तिन्ही फुटले. मोजणी अचूक होती.) चाकांची गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये लोण्यासारखी पळाली, पण शेतातली ढेकळं पार्किंगच्या दर्जाची नसल्याने तिथे रुतली. दोष अर्थातच ढेकळांचा होता.

शेवटी परिपूर्ण साधन तयार झालं. दोन लांब नळ्या, मध्ये जाड कापडाची झोळी, टोकांना गाद्या लावलेले पट्टे, उचलायला चौघं जण. ऊन लागून यंत्र तापू नये म्हणून वरून पांढरी चादर. एका खांद्यावरचा भार पंचाहत्तर टक्क्यांनी घटला. खांदे मात्र तीनशे टक्क्यांनी वाढले, पण सुधारणेत असं थोडं इकडेतिकडे होतंच.

चाचणीसाठी ते लिफ्टजवळून चौघांच्या खांद्यावर निघालं, आणि सोसायटीतले लोक चपला काढून दोन्ही बाजूंना उभे राहिले. दुपारी तीन घरांतून वासंतीबाईंकडे पिठलं-भात आला. (दार नंदकिशोररावांनीच उघडलं. एक शेजारीण किंचाळली, बाकीच्यांनी डबा तरी ठेवून घ्या म्हटलं.)

"जितेपणी तुमचं पिठलं खाल्लं मी," बाई तडकल्या. "आता तरी मोजणार आहात का माझं झाड?"

पण साधनाला चार माणसं लागत, आणि सलीलकडे फक्त सलील होता. चौघं जमेपर्यंत नंदकिशोररावांनी ते प्लॉटवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं.

तिथून एके दिवशी ज्योतीरामचा फोन आला. "सायेब, येक जड वस्तू हलवायची व्हती. तुमचं त्ये घिऊ का जरा?"

नंदकिशोररावांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. इतक्या वर्षांत कोणी आपणहून त्यांची सुधारणा मागितली नव्हती. त्यांनी फोनवरच प्रशिक्षण दिलं. चौघं एका उंचीचे घ्या, वाका गुडघ्यातून, आणि चादर विसरू नका. संध्याकाळी अभिप्रायही आला. "लई झ्याक, सायेब! खांद्याला रग म्हनून न्हाई." तो त्यांनी कागदावर लिहून घरच्या भिंतीवर चिकटवला.

कैऱ्या धरल्या, तेव्हा वासंतीबाईंनीच सलीलला फोन केला. तो दोघांना घेऊन प्लॉटवर आला, तिपाई खांद्यावर, किल्ली दातांत. अर्ध्या तासात मोजणी संपली, त्यात चहा आला.

"मामी, झाड तुमचंच आहे," सलील म्हणाला. "पण ही भिंत कधी झाली?"

झाड भिंतीच्या पलीकडे होतं. अलीकडे फक्त शेंडा दिसत होता. भिंत ज्योतीरामची, आणि काळ्या दगडाला अगदी सुतात धरून बांधलेली.

"तुमच्याच दगडाला धरून बांधली की," ज्योतीराम नम्रपणे म्हणाला. "सायेबच म्हनलं व्हतं, हत्ती आला तरी हलनार न्हाई."

समोरच्या शेतातली म्हातारी सोजरबाई मध्येच म्हणाली, "त्या दिशी कोन गेलं व्हतं रं, ज्योत्या? भर दुपारी चौघं पांढऱ्यात गुंडाळून न्हेत व्हतं. म्या हात जोडलं. म्हनलं, असल्या येळंला ईचारू कसं? चार पावलांवरच पुरलंसुदिक."

सलीलने मान वळवून काळ्या दगडाकडे पाहिलं.

"मामा," सलीलने विचारलं, "एवढा दगड चौघांना उचलता येतो?"

नंदकिशोररावांची पंचाईत झाली. नाही म्हटलं तर झाड गेलं. हो म्हटलं तर कोणाच्या साधनाने, कोणाच्या प्रशिक्षणाने, हे ओघाने आलंच. वासंतीबाई त्यांच्याकडे बघत होत्या. ते मनापासून शरमले होते, तरी तोंडून निघून गेलं, "गुडघ्यातून वाकलं तर अगदी सहज."

बाईंनी ते साधन खोलीतून ओढत आणलं, भिंतीला टेकवलं, वर चढल्या आणि बराच वेळ पलीकडे बघत राहिल्या. खाली उतरल्या तेव्हा डोळे भरलेले होते.

"आता पाण्याचा कॅन भिंतीपलीकडे कसा न्यायचा," त्या म्हणाल्या, "तेवढं सुधारा."

नंदकिशोररावांना वाचकांनी खुशाल हसावं. आपलीही थोडीफार जमीन गावाकडे असेलच, आणि शेजारीही सज्जन असेल. कधी भांडण नाही की तंटा नाही, फक्त मध्ये एकदा काहीतरी मागून नेलं होतं त्याने. काय बरं होतं ते?