उंटाच्या घरातलं प्यादं

त्या रविवारी मी जिलानीभाईला हरवणार होतो. शंकाच नको! एकोणीस वर्षांत एकदाही हरवलं नव्हतं, आणि बुधवारी तो नांदेडला लेकीकडे कायमचा राहायला निघाला होता. म्हणजे ही शेवटची संधी.

गंजगोलाईच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान, शेजारी त्याचं घड्याळदुरुस्तीचं. दर रविवारी दुपारी अर्धं शटर ओढून आम्ही बुद्धिबळाचा पट मांडायचो. डाव अर्धा राहिला की त्यावर परात पालथी घालायची आणि पुढच्या रविवारी उघडायची, हा आमचा रिवाज. आताच्या परातीखाली दोन राजे, दोन वजीर आणि माझं एकुलतं एक प्यादं होतं.

"बरोबरी घे, संगमेश," जिलानीभाई म्हणाला होता. "हसतमुखानं उठू."

"जमणार न्हाई!" मी म्हणालो होतो.

मग भाची ऋतुजाला गाठलं. तिने तो डाव कॉम्प्युटरवरच्या बुद्धिबळाच्या इंजिनाला घातला आणि ओरडलीच, "मामा, एकतीस चालींत तुमच्या प्याद्याचा वजीर होतो! जिंकलात!"

दोन्ही बाजूंच्या सगळ्या चाली चिठ्ठीवर उतरवल्या आणि आठवडाभर घोकल्या. अंघोळीत, जेवताना, पिंडीपुढे बसूनसुद्धा! ई चार, जी सात, एफ पाच...

"अहो, हे कसले आकडे घोकून राहिलात?" उमाने विचारलं.

"काही न्हाई. डोक्याचा व्यायाम."

शुक्रवारी चिठ्ठी शर्टाच्या खिशातून गायब झाली. तोवर सगळं पाठ होतं, म्हणून मी शोधलीसुद्धा नाही.

रविवारी परात उचलली. मी चाल केली. जिलानीभाईने नेमकी इंजिनाने सांगितलेली चाल केली. पुढची तीच, त्याच्या पुढचीही तीच! काय मशीन आहे, मी मनात म्हणालो, माणसाच्या पोटातलं ओळखतं! तो मधूनमधून बोलत होता. नांदेडचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, बायकोला, हसीनाला, तिथे करमणार नाही, असं काहीबाही. मी नुसता "हूं, हूं" करत होतो. चाल विसरली तर!

एकतिसावी चाल. प्यादं शेवटच्या घरात सरकवलं आणि ओरडलो, "वजीर!" इतक्या जोरात, की मागची पेल्यांची चळत कोसळली.

"कुणाच्या घरात गेलं?" त्याने शांतपणे विचारलं.

"उंटाच्या."

"मग उंट झाला की."

नियम माझाच होता. एकोणीस वर्षांपूर्वी त्याचं प्यादं असंच उंटाच्या घरात पोचलं होतं, तेव्हा मीच दोन तास भांडलो होतो: "ज्याच्या घरात प्यादं जातं, तेच मोहरं होतं! आमच्या औशात असंच खेळतात!" तेव्हापासून आमच्या पटावर तोच नियम. ऋतुजाला मी सगळं सांगितलं होतं, एवढं सोडून.

उंट बिचारा काय करणार! जिलानीभाईचा वजीर शहावर शह देत राहिला आणि माझा राजा कोपऱ्याकोपऱ्यात पळत राहिला. शेवटी मीच म्हणालो, "बरोबरी."

त्याने खिशातून माझी चिठ्ठी काढून पटावर ठेवली.

"उमाभाभी शुक्रवारी ही घेऊन रडत आल्या. म्हणल्या, हे मटका खेळून राहिलेत. मी पाहिलं तर आठाच्या पुढं एक बी आकडा न्हाई. म्हणलं, भाभी, मटका न्हाई हा. आपला पट हाय."

"मग तुझ्या सगळ्या चाली..."

"चिठ्ठीतल्याच खेळलो. शेवटी उंटच व्हनार, ठाऊक होतं. अन् तू लई मेहनतीनं पाठ केलं होतंस."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. आमचा शेजारातला शेवटचा रविवार, आणि मी एकदाही त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं नव्हतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तो नांदेडला गेल्यावर मी फोन केला, "मोबाईलवर खेळू की!"

"तुझ्या मोबाईलशी मला खेळायचं न्हाई," तो म्हणाला. "तुझ्याशी खेळायचं हाय."

म्हणून आता महिन्यातून एकदा मी एसटीने नांदेडला जातो. तीन मजले चढतो. दारातच हसीनाभाभी हात पुढे करतात आणि माझा मोबाईल पिठाच्या डब्यात ठेवतात. मगच चहा मिळतो.