कणीएवढ्या फुफ्फुसाची प्रकृती उत्तम

करडी गावच्या रत्नमालाची पाच वर्षांची रीना राईस मिलच्या राखेने दिवसरात्र खोकत होती, आणि गावाबाहेरच्या नव्या श्वसन संशोधन केंद्राने या बाबीची गंभीर दखल घेतली. रीनाचं रक्त घेण्यात आलं. त्यातल्या पेशींच्या मूळपेशी करून, त्यांच्यापासून काचेच्या बशीत तांदळाच्या कणीएवढं फुफ्फुस वाढवण्यात आलं. औषधं आधी त्याच्यावर तपासायची, लागू पडेल ते रीनाला द्यायचं. रत्नमालाला हे फार पटलं. लेकराला कडू पाजून बघण्यापेक्षा बशीला पाजलेलं बरं.

नियमानुसार एका आजाराला एकच नोंदणी क्रमांक. लेक आणि बशी, दोघींचा मिळून एक.

बशी नाजूक. तिला बेताची ऊब लागे, गाळलेली हवा लागे, ताजं खाद्य लागे, रविवारीसुद्धा. राखेचा तिला त्रास होऊ नये म्हणून मिलमालकाला कडक नोटीस गेली. मालक कायदा मानणारा. त्याने धुराड्याचं तोंड तातडीने दुसरीकडे वळवलं. दुसरीकडे रत्नमालाचं अंगण होतं.

बशीला नववं औषध लागू पडलं. निरोप मिळताच रत्नमाला रीनाला कडेवर घेऊन धावली.

"द्या जी आता माह्या पोरीले ते औषध."

केंद्राचे कारकून परसरामबाबूंनी क्रमांक शोधला. "द्यायचं कायले? पेशंट बरा झाला. फाईल बंद."

"अजी, पेशंट तं माह्या कडेवर हाये! दम लागून राहिला तिले, आयकू नाही येत का?"

"बाई, कागदावर छाती साफ आहे. बऱ्या माणसाले औषध देलं तं माही नोकरी जाईन."

रीनाने आईच्या खांद्यावरून मान काढली. "बाबू, मी बशीत बसू का? थोडीशीच जागा घेईन."

आवाज ऐकून डॉक्टर भुपेंद्र बाहेर आले. नाकावर रुमाल धरून म्हणाले, "मुलीला आधी दूर न्या. बशीला संसर्ग होईल."

"साहेब, फाईल उघडा ना."

"त्यासाठी पेशंट पुन्हा आजारी पडायला हवा."

रत्नमालाने पदर झटकला. मूठभर राख टेबलावर पडली. "घ्या. टाका बशीत. दोन मिनिटांत आजारी पडते."

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, तुम्हाला काळीज आहे की नाही? एवढ्या इवल्या जिवावर राख टाकता?"

रांगेतल्या कुणीतरी हे सगळं मोबाईलवर टिपलं. संध्याकाळपर्यंत चार लाख लोकांनी 'कणी वाचवा' या ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या. तुमचीही सही त्यात आहे. व्हिडिओ तुम्ही दोनदा पाहिलात. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, कारण मागे कुणाचं तरी पोर सारखं खोकत होतं.